माझ्या मापाची सायकल

आमच्या घराण्यात पुरुषांचे पाय आखूड असतात.

बाकी देवानं काही कमी केलं नाही. आवाज मोठा, भूक मोठी, राग तर थेट भोकरदनपर्यंत ऐकू जाणारा! फक्त कमरेखाली येईपर्यंत देवाजवळचं सामान संपलं असावं. माझे वडील, म्हणजे आबा, बैलगाडीत बसले की जहागीरदारासारखे दिसत; आणि गाडीतून खाली उतरले की लोक इकडंतिकडं बघून विचारत, "आबा कुठं गेले?"

शेतकऱ्याला या गोष्टीचं दुःख नसतं. नांगरामागं चालणाऱ्याची उंची कोणी विचारत नाही, बैलाची विचारतात. पण मी पडलो मास्तर! ही गोष्ट पोलीस ॲक्शनच्या सात-आठ वर्षं आधीची. निजामाचं राज्य, विलायतेत लढाई जुंपलेली, आणि जालन्याला राहून उर्दू मिडल पास झालेला हसनाबादचा मी पहिला शेतकऱ्याचा पोरगा. तालीम खात्यानं, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्यानं, मला गावापासून अडीच कोसांवरच्या एका खेड्यात नेमलं. सकाळी अडीच कोस चालत जायचं, संध्याकाळी अडीच कोस चालत यायचं. (लोकांच्या पायांनी अडीच. माझ्या पायांनी साडेतीन.) मी शाळेत पोचायचो तेव्हा पोरं पाढे म्हणून, पाट्या पुसून, घरी निघायच्या बेतात असायची.

आबांनी महिनाभर बघितलं आणि एका सकाळी गोठ्यातूनच ओरडले, "नाऱ्या! एक तर सायकल घे, न्हाई तर पेरणीच्या आत नोकरी सोड अन् तिफण धर!"

मला तिफण धरायची नव्हती.

सायकल मला येत होती, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरी गोष्ट अशी, की जालन्यात शिकताना भाड्याच्या सायकलीवर मी फक्त कैची शिकलो होतो. म्हणजे गादीवर बसायचंच नाही. दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि खेकड्यासारखं तिरपं होऊन पायडल मारायचं. पोरासोरांना ते शोभतं. पण सरकारी मास्तर, डोक्यावर टोपी, बगलेत हजेरीचं रजिस्टर, आणि येतोय कैची मारत! पोरांनी त्याच दिवशी शाळा सोडली असती.

"मंग तुझ्या मापाची घेऊ," आबा म्हणाले. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "जू मानंच्या मापाचं नसलं तर बैलाचा खांदा सुजतो. जोडा मापाचा, बंडी मापाची. मंग सायकल कामून न्हाई?"

माय भाकरी थापता थापता म्हणाली, "अन् बायको?"

ती काय म्हणत होती ते मला लगेच कळलं. त्याच दिवसांत टेंभुर्णीहून एक स्थळ आलं होतं. मुलीचं नाव गोदावरी. आईबाप लहानपणीच गेलेले, तुळशीराम नावाच्या मामानं वाढवलेली. कामाला वाघीण, चार बुकं वाचलेली, रंगरूप चांगलं. खोट एकच. मुलगी उंच होती. इतकी उंच, की तीन पाहुणे तिला नुसती उभी राहिलेली बघून सुपारीला हात न लावता परत गेले होते. आता मामाची अट अशी होती, की पोरगा तिच्या निदान कानापर्यंत तरी यावा.

मी त्या दिवशी दाराच्या चौकटीला पाठ लावून तीनदा उंची मोजली. तिन्ही वेळा तेवढीच भरली.

सायकलीचा शोध सुरू झाला. भोकरदनच्या बाजारात एकजण जुन्या सायकली विकायचा. त्यानं मला पाहिलं आणि घोड्याएवढी एक सायकल पुढं केली. आबांनी बैल बघावा तशी ती बघितली. मागून बघितली, पुढून बघितली, पाठीवर थाप मारली, मूठ दाबली. (दात बघायचा राहिला, कारण सायकलीला तोंड कुठं असतं ते त्यांना ठरवता येईना.)

"हिला खोड काय हाय?" आबांनी विचारलं.

"खोड? अहो, नवी नवरी हाय नवरी! पोरगं बसलं की राजा दिसंल!"

"हे तर बसायच्या आधीच तिच्यामागं दिसंना झालंय," असं म्हणून आबांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. वाटेत म्हणाले, "ध्यानात ठेव. जो म्हणतो माझ्या बैलाला खोड न्हाई, तो दलाल. जो आधी खोड सांगतो, त्याच्याकडूनच जनावर घ्यावं."

मग आम्ही खोड सांगणारा माणूस शोधू लागलो. जालन्याच्या करीम मिस्तरीचं नाव निघालं ते असं, की तिघा-चौघांनी आम्हाला वेगवेगळं बजावलं, "त्याच्याकडं जाऊ नका, लई तोंडाळ हाय. गिऱ्हाइकालाच रागावतो." एवढं ऐकल्यावर आबांनी त्याच रात्री गाडीला वंगण घालून ठेवलं.

मिस्तरीचं दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक भाता. पुढं एक दगडी पायरी, छताला टांगलेली चाकं, आणि मधोमध पांढऱ्या दाढीचा, पातळसा, कपाळावर चष्मा चढवलेला एक माणूस. आम्ही गाडी थांबवली. आबा अजून उतरलेही नव्हते, तोच तो आतून ओरडला, "सायकल की बात बाद में करो जी! पैले ये बोलो, गाडी का बायां चाक कब से रो रा है?"

आबांनी खाली उतरून बघितलं. डावं चाक खरंच आसावर डुगडुगत होतं. हरवलेला भाऊ भेटावा तसा आबांचा चेहरा फुलला.

"नाऱ्या," ते हळूच म्हणाले, "माणूस सापडला!"

लढाईमुळं नव्या सायकली येत नव्हत्या. मिस्तरी चार मोडक्यांतून एक धड बनवायचा. तो आम्हाला म्हणाला, की चौकट कापून तुमच्या पोराच्या मापाला आणतो, पितळेनं जोडतो, पंधरा दिवस लागतील. मग त्यानं मला इतके प्रश्न विचारले, की तेवढे टेंभुर्णीच्या मामानंही आबांना विचारले नव्हते. रस्ता कसा? ओढे किती? सामान काय नेतोस? पाठ दुखते का? मागं कुणी बसणार का? (इथं मी लाजलो. आबा म्हणाले, "बसंल, बसंल, बोलणं चालू हाय.")

"ठीक," मिस्तरीनं कोपऱ्यातून एक सुतळी काढली. "जूते उतारो, दीवाल को टेक के सीधा खडे रहो."

मी बुटाला हात घातला, आणि नेमका त्याच क्षणी रस्त्यावरून आवाज आला, "राम राम, आबा! इकडं कुठं?"

टेंभुर्णीचा तुळशीराममामा! कापूस घालायला जालन्याला आला होता. लांबसडक माणूस, वर पागोटं. तो दुकानात शिरला आणि भिंतीला टेकवलेल्या माझ्याकडं निरखून बघू लागला.

आता माझ्या बुटांबद्दल सांगायला हवं. नोकरी लागल्यावर घेतलेले ते बूट मला दोन बोटं मोठे होते, म्हणून मायनं आत कापूस भरून दिला होता. तळही चांगला जाड होता. म्हणजे बुटांत मी एक माणूस होतो आणि बुटांबाहेर दुसरा. मामासमोर दुसरा माणूस काढायची मला बिलकुल हिंमत झाली नाही.

"बूट राहू द्या," मी मिस्तरीला म्हणालो. "मी बूट घालूनच सायकल चालवणार हाय."

मिस्तरीनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बुटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सुतळी लावली. तेवढ्यात मामा आणखी एक पाऊल जवळ आला. मी हळूच टाचाही उचलल्या!

"पोरगं दिसायला बुटकं वाटतं," मामा आबांना म्हणाला, "पण तसं बरंच उंच हाय की!"

आबांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि तेही जरा चकित झाले. मिस्तरी सुतळीला गाठ मारत होता.

"ये माप पक्का?" त्यानं विचारलं.

"पक्का."

"सोच के बोल बेटा. पक्का?"

"बिलकुल पक्का!" मी म्हणालो. पायाला गोळे आले होते, पण आवाज मोठा निघाला. (आवाज आमच्या घराण्यात आहेच.)

पंधरा दिवसांनी आबा आणि मी गाडीनं पुन्हा जालन्याला गेलो. सायकल काळ्या रंगानं चमकत होती. घंटी अशी, की वाजवली तर पलीकडच्या गल्लीतला न्हावी हात थांबवायचा. मिस्तरीनं तिला दगडी पायरीशी उभी केली आणि मला म्हणाला, "बैठ. एक चक्कर मार के आ. फिर मैं देखता."

मी पायरीवरून गादीवर चढलो. मिस्तरीनं मागून धरलं होतं. तो म्हणाला, "बराबर?" माझे पाय पायडलला जेमतेम अंगठ्यानं लागत होते. जमीन तर पार खाली, विहिरीच्या तळासारखी दिसत होती. मी म्हणालो, "एकदम बराबर!"

त्यानं सोडलं. सायकल निघाली. कैची मारणाऱ्याला तोल सांभाळता येतो, त्यामुळं चालवायची अडचण नव्हती. एकदा उजवीकडं कलायचं, एकदा डावीकडं, जातं फिरवावं तसं. बाजार मागं पडला. चौकात वळून परत यायचं होतं. मी वळलो, दुकान समोर दिसलं, आबा आणि मिस्तरी पायरीवर उभे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गादीवरून उतरायचं कसं, हे मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं!

मी दुकानासमोरून गेलो.

"अरे, थांब!" आबा ओरडले.

"येतो!" मी ओरडलो, आणि दुसरी चक्कर घेतली. मिस्तरीनं हात वर केला. मी घंटी वाजवली. तिसऱ्या चकरेला गल्लीतले लोक दुकानांबाहेर येऊन उभे राहिले होते. आता त्यांच्यासमोर धाडकन पडायचं, का पुढं जायचं? मी विचार केला आणि पुढं गेलो. सरळ हसनाबादला!

त्या दिवशी मी वाटेत कुठंही थांबलो नाही. पाणी प्यायलो नाही. समोरून येणाऱ्यांच्या रामरामाला रामराम घातला नाही, कारण हात सोडला की संपलंच. गावात शिरल्यावर आमच्या गोठ्यासमोरचं कडुलिंबाचं झाड दिसलं. मी त्याला अशी मिठी मारली, की माय दारात येऊन म्हणाली, "काय झालं रे? झाडाला कामून भेटून राह्यला?"

आबा बैलगाडीनं संध्याकाळी पोचले. मला वाटलं, आता आमचा तो प्रसिद्ध राग निघणार. पण गाडीतून उतरता उतरता ते सगळ्या गल्लीला सांगू लागले, "पाहिलं का? मापाची सायकल! पोरगं बसलं ते थेट घरी! मिस्तरीचा रामराम घ्यायलाही उतरलं न्हाई, इतकी आवडली!"

इतक्या आनंदात असलेल्या माणसाला खरं कसं सांगायचं?

मग दोन महिने मी त्या सायकलीवर काढले. सकाळी ओट्यावरून चढायचो. शाळेच्या गावी मारुतीच्या पारापाशी एक पिंपळ होता, त्याला धरून उतरायचो. मधे थांबायची सोय नव्हती. वाटेत ओढ्याचं पाणी आडवं आलं, की उतरून सायकल ढकलण्याऐवजी मी डोळे मिटून आत शिरायचो. गादीवर इकडून तिकडं घासून बसायच्या जागेची अशी अवस्था झाली, की शाळेत मला खुर्चीवर टेकवेना. मी दिवसभर उभा राहून शिकवू लागलो. त्याच सुमाराला खात्याचे साहेब तपासणीला आले आणि शेऱ्यात लिहून गेले, की हा मास्तर इतका मेहनती आहे, की खुर्चीला शिवतही नाही! आबांनी तो शेरा माझ्याकडून गावभर वाचून घेतला.

"ही सगळी मापाच्या सायकलीची करामत," ते म्हणायचे.

ते खरंच होतं.

अखेर टेंभुर्णीचा निरोप आला. मुलगी बघायला या. आबा आदल्या दिवशीच गाडीनं गेले. मी मागून सायकलीवर यावं, म्हणजे मामाच्या अंगणात रुबाबात आगमन होईल, ही कल्पना आबांची. टेंभुर्णी आमच्याकडून दहा-बारा कोस. वाटेत कुठं झाड, कुठं पार, कुठं मैलाचा दगड, याचा सगळा अभ्यास करून मी पहाटे निघालो. वाटेत चार वेळा थांबलो. दोनदा झाडाला धरून, एकदा एका म्हशीला, आणि एकदा कशालाच न धरता.

दुपारी टेंभुर्णीत शिरलो तेव्हा मामाच्या घरापुढं सगळं गाव जमलेलं. बायका दारात, पुरुष ओट्यावर, मधोमध आबा नव्या पागोट्यात. अंगण म्हणाल तर सपाट, झाडून-सारवून स्वच्छ. झाड नाही. खांब नाही. पार नाही. भिंतीला टेकावं, तर भिंतीशी बायका!

"आला! आला!" आबा उठून उभे राहिले. (फारसा फरक पडला नाही.) "मापाची सायकल बघा!"

मी घंटी वाजवली आणि घराला वळसा घातला. मला वाटलं, मागं काहीतरी असेल. मागं कुंपण होतं, बाभळीच्या काट्यांचं. मी पुन्हा पुढं आलो. लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, पाहुणा कसब दाखवतोय. दुसऱ्या वळशाला मामा हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आला.

"उतरा आता, पावणे!"

"उतरतो!" असं म्हणत मी त्याच्या बाजूनं निघून गेलो.

तिसऱ्या वळशाला मामा वाटेच्या मधेच उभा राहिला. त्याला चुकवायला मी हँडल वळवलं. त्या बाजूला गोणपाटांवर वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. लाल, कडक वाळलेल्या, वर्षभराच्या! सायकल त्यांत शिरली, चाकाखाली चरचर झाली, मी पालथा पडून हातभर घसरत गेलो, आणि लाल धुळीचा लोट उठला.

आधी मामा शिंकला. मग ओट्यावरची माणसं. मग बायका, मग बैल. आबांची शिंक आवाजासारखीच मोठी. नवं पागोटं उडून मिरच्यांत पडलं. "मापाची... आक्छी! ...सायकल..." एवढंच त्यांना म्हणता आलं. डोळे चोळत सगळे सैरावैरा झाले. मुलगी दाखवायचा विषयच उरला नाही. मामा दारातून फडक्यानं नाक धरून ओरडला, "आबा, आधी पोरगं धड उभं करून आणा! मंग बघू!"

मी मिरच्यांत पडलो होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या सगळ्या शिंकांमध्ये घरातून मला एक हसू ऐकू आलं. मोकळं, खळखळून, कुणी तोंडावर पदर दाबला तरी न थांबणारं. एवढं एकच बरं त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं.

परतीच्या वाटेवर आबा नुसते बैल हाकत होते. सायकल गाडीत आडवी, मी सायकलीशेजारी आडवा. हसनाबादचा फाटा आला तरी बैल वळेनात. मी उठून बसलो.

"आबा, कुठं चाललो?"

"जालन्याला. त्या मिस्तरीला भर बाजारात विचारतो. म्या त्याला खरा माणूस समजलो. त्यानं माझ्या पोराचा तमाशा केला!"

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. जालना येईपर्यंत दर ओढ्याला मी ठरवत होतो, की हा ओढा ओलांडला की सांगतो. ओढे संपले.

आबांनी दुकानासमोर सायकल आपटली आणि आमच्या घराण्याचा आवाज लावला. अख्खी गल्ली गोळा झाली. "हे माप हाय? हे माप? दोन महिने पोरगं मरणाच्या दारात हाय! तुमच्या नावावर ईश्वास ठेवला म्या! हेच का तुमचं खरं काम?" मिस्तरी भात्यापाशी उभा होता. इतरांना रागावणारा तो तोंडाळ माणूस. नुसता माझ्याकडं बघत राहिला. गर्दीतला एकजण म्हणाला, "मिस्तरी म्हातारा झाला आता. नजर गेली त्याची." ते ऐकून त्यानं कपाळावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसू लागला.

तेवढं मात्र मला बघवलं नाही.

"आबा," मी म्हणालो, "मिस्तरीची चूक न्हाई. म्या खोटं माप दिलं."

मी गल्लीच्या मधोमध बसून बूट काढले. कापूस बाहेर ओढला. दोन्ही बुटांतून इतका निघाला, की एक उशी झाली असती. मग अनवाणी उभा राहिलो. "अन् टाचाही उचलल्या होत्या," मी म्हणालो. "मामासाठी."

गल्ली हसली. आबा नाही हसले. मिस्तरीही नाही. तो खाली वाकला, खिशातून एक पाना काढला, गादीखालचा एक नट सैल केला आणि गादी दाबली. गादी सुळकन चार बोटं खाली बसली. त्यानं नट पुन्हा आवळला. झालं!

"बैठ."

मी बसलो. दोन्ही पाय जमिनीला टेकले. अख्खे, टाचेसकट! मला रडूच आलं. (अजून थोडी मिरची डोळ्यांत होती, असं मी तेव्हा सांगितलं.)

"मेरेकू उसी दिन दिखा था," मिस्तरी म्हणाला. "इस वास्ते गादी ये बोला उत्ती ऊंची रखा, और चौकट मैं देखा उत्ती नीची काटा. सोचा, पोरगा चक्कर मार के आयेगा, तो कान में बोलूंगा और नट खोल दूंगा. तुमारे सामने क्यूं शर्मिंदा करना?" मग त्यानं माझ्या डोक्यात हलकी टपली मारली. "मैं एक चक्कर बोला था रे! तू दो महिने का चक्कर मारा!"

आबांनी पागोटं काढलं, त्यातली मिरची झटकली आणि ते हातात धरून मिस्तरीपुढं उभे राहिले. आमच्या आबांना माफी मागायची सवय नव्हती. शेवटी म्हणाले, "मिस्तरी, गाडीचं बायां चाक पुन्हा रडून राह्यलं. तुम्हीच पाहा. दुसऱ्याच्या हातात मी देत न्हाई."

मिस्तरीला कळलं. त्यानं आबांना पायरीवर बसवलं आणि मला तासभर गल्लीत चढायला-उतरायला शिकवलं. चालत्या सायकलीवरून एक पाय मागून टाकायचा, दोन पावलं बरोबर धावायचं आणि थांबायचं. पुढं तीस वर्षं मी त्याच सायकलीवर नोकरी केली आणि तो होता तोवर तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नाही. अजूनही कुठं तापलेल्या पितळेचा वास आला, की मला तो कपाळावरचा चष्मा दिसतो.

तर, उतरायला शिकल्यावर मी जालन्याहून तसाच टेंभुर्णीला निघालो. आबांना विचारलंही नाही. मुक्कामाला वाटेतल्या एका मास्तराकडं राहिलो आणि सकाळी मामाच्या अंगणात शिरलो. घंटी वाजवली, पाय मागून टाकला, दोन पावलं धावलो आणि झोकात उभा राहिलो. तसं उतरणं मला आयुष्यात पुन्हा जमलं नाही. बघायला अंगणात फक्त एक शेळी होती, आणि तिची पाठ माझ्याकडं होती.

घरातून गोदावरी आली. दारातून येताना तिला मान वाकवावी लागली. मला बघून ती थबकली, मग पदर सारखा करून म्हणाली, "कवा आले?"

"आत्ताच."

"सायकलीवर?"

"सायकलीवर."

"मंग आवाज कसा न्हाई आला?"

"आता मला उतरता येतं," मी छाती काढून म्हणालो.

"पाहिलं का कोणी?"

मी शेळीकडं बघितलं. शेळीनं साक्ष दिली नाही.

"जा बरं," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यापासून पुन्हा या."

मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पुन्हा आलो. ती अंगणात उभी होती, सरळ, उंच, हसू दाबत. मी पहिल्यांदाच तिला नीट बघत होतो. पाय मागून टाकायचा, हे डोक्यात होतं. कोणता पाय, हे राहिलं नाही. जुन्या सवयीनं मी धरायला काहीतरी शोधलं. अंगणात धरण्यासारखं सरळ उभं एकच होतं, आणि तिला धरायची माझी छाती नव्हती. म्हणून पडलो.

गोदावरीनं मागं वळून घरात हाक मारली, "मामा, बाहेर या! मास्तरच हायेत!"

कानापर्यंतची अट गोदावरीनंच मामाकडून सोडवून घेतली आणि त्या उन्हाळ्यात लग्न झालं. मंगलाष्टकांच्या वेळी मला नवरीच्या बरोबरीला आणायला आबांनी पायाखाली एकावर एक तीन पाट ठेवले होते. चढलो मी एकदम रुबाबात. उतरताना मात्र गोदावरीनं सगळ्या मांडवादेखत हात पुढं केला, आणि मीही मुकाट्यानं धरला.